दुःखात परस्परांना धीर देणे : ख्रिस्ती दृष्टी आणि मराठी अनुभव

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास पुढील गोष्टी सांगता येतील :

• 'धीर देणे' या क्रियेचा ख्रिस्ती विचारातील अर्थ आणि त्यासाठी मराठीत रूढ झालेले शब्द.
• नव्या करारातील व ईयोबाच्या कथेतील धीर देण्याची योग्य व अयोग्य उदाहरणे.
• पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात व लेखनात दिसणारे या विचाराचे रूप.
• पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील आजच्या जीवनाशी या विचाराचा असलेला संबंध आणि त्याच्या मर्यादा.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या एकाच जिल्ह्यात वसईच्या बागायती वाड्या आहेत, किनाऱ्यावरची मच्छीमार गावे आहेत, जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे आहेत आणि बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहतही आहे. तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. शेजारी रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आणि परराज्यांतून आलेली माणसे बोईसरच्या चाळींतून राहू लागली.

या प्रदेशातील संकटांची रूपेही अनेक आहेत. अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. कारखान्यांतील स्फोट व आगी यांमुळे कित्येक घरांतील कर्ती माणसे गेली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. २०२० च्या टाळेबंदीत हाताला काम नसलेले मजूर महामार्गाने पायी निघाले. अशा वेळी माणसे एकमेकांना काय सांगतात, काय सांगू शकतात, आणि त्या सांगण्याला अर्थ केव्हा येतो, हा या घटकाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार आपण ख्रिस्ती दृष्टीने करणार आहोत. त्याला स्थानिक कारण आहे. या जिल्ह्याच्या दक्षिण भागात मराठी ख्रिस्ती समाजाची कित्येक शतकांची वस्ती आहे, आणि मराठी ख्रिस्ती साहित्यात दुःख व सांत्वन यांचा विचार सातत्याने आलेला आहे. या विचाराचे मर्म असे सांगता येईल : धीर हा वरून खाली दिला जात नाही, तो शेजारी बसून दिला जातो, आणि ज्याला तो मिळाला त्याने तो पुढे द्यायचा असतो.

३. शब्दविचार

मराठीत 'धीर' या शब्दाभोवती अनेक वाक्प्रचार आहेत : धीर धरणे, धीर सोडणे, धीर खचणे, धीर देणे. संस्कृतात 'धीर' म्हणजे स्थिर, खंबीर. मराठीत मात्र हे विशेषण नाम झाले आणि देता-घेता येणारी वस्तू बनले. 'सांत्वन' हा शब्द 'सांत्व्' या धातूपासून आलेला असून गोड शब्दांनी शांत करणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे सांत्वनात भर शब्दांवर आहे, तर 'पाठीशी उभे राहणे', 'हातभार लावणे' या वाक्प्रचारांत भर कृतीवर आहे.

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. धीर देण्यासाठी त्यात प्रामुख्याने 'पाराक्लेसिस' हा शब्द येतो. 'जवळ बोलावणे' हा त्याचा मूळ अर्थ. त्यातूनच विनवणे, बोध करणे, सांत्वन करणे, उत्तेजन देणे असे अर्थ विकसित झाले. याच शब्दाच्या कुळातील 'पाराक्लेतोस' हा शब्द योहानकृत शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी वापरलेला आहे. न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभा राहणारा, असा त्याचा अर्थ होता. प्रचलित मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'कैवारी' हा शब्द योजला आहे. कैवार घेणे म्हणजे बाजू घेणे. दुबळ्याची बाजू घेऊन उभा राहणारा तो कैवारी. भाषांतरकारांनी येथे धर्मशास्त्रातील एक अवघड कल्पना मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातील शब्दात आणून ठेवली आहे.

या शब्दविचारातून एक गोष्ट स्पष्ट होते. ख्रिस्ती परिभाषेत धीर देण्याची क्रिया 'कोठे उभे राहावे' या प्रश्नाशी निगडित आहे. 'काय बोलावे' हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

४. बायबलमधील उदाहरणे

४.१ बर्णबा. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात कुप्र बेटावरील योसेफ नावाच्या गृहस्थाचा उल्लेख आहे. प्रेषितांनी त्याला 'बर्णबा' हे नाव दिले. मराठी बायबलमध्ये त्याचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिला आहे. त्याच्या बोधाची भाषणे मात्र फारशी नोंदलेली नाहीत. नोंदलेली आहे ती त्याची कृती. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल, म्हणजे पुढचा पौल, मतपरिवर्तनानंतर यरुशलेमेत आला तेव्हा कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवीना. बर्णबाने त्याला आपल्यासोबत नेले आणि त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली. पुढे मार्क नावाचा तरुण प्रवासातून अर्ध्यावर परतला. त्याला पुन्हा सोबत घेण्यास स्वतः पौलाने नकार दिला. बर्णबाने पौलाची साथ सोडली आणि मार्काला घेऊन तो निघाला. कालांतराने याच मार्काला आपल्याकडे घेऊन येण्यास पौलाने लिहिले. येथे धीर देणे म्हणजे खचलेल्या माणसासाठी जामीन राहणे होय.

४.२ ईयोबाचे मित्र. जुन्या करारात ईयोबाची कथा आहे. मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावून तो राखेत बसला असता त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याला भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्दही बोलले नाही. हा त्यांच्या मैत्रीचा उत्तम काळ होता. नंतर ते बोलू लागले. तुझ्या हातून काही पाप घडले असले पाहिजे, त्यावाचून असे दुःख येत नाही, असे त्यांनी निरनिराळ्या प्रकारे सुनावले. ग्रंथाच्या शेवटी देवाने दोष दिला तो या उपदेशकांना. तक्रार करणाऱ्या ईयोबाला नव्हे. दुःखाचे कारण समजावून सांगण्याची घाई हा सांत्वनातला मोठा दोष आहे, हे येथे दाखविले आहे.

४.३ गेथशेमाने. अटकेच्या रात्री येशू गेथशेमाने येथे प्रार्थनेला गेला. जाताना त्याने आपल्या तीन शिष्यांना बरोबर घेतले आणि आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली. ते झोपी गेले, हा भाग वेगळा. परंतु ज्याला ख्रिस्ती माणूस प्रभू मानतो, त्यालाही संकटाच्या रात्री सोबत हवीशी वाटली. त्यामुळे आधार मागणे हे श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण ठरत नाही.

४.४ परस्परता. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा ती लहान मंडळी छळ सोसत होती. त्याने त्यांना एकमेकांचे सांत्वन व उन्नती करण्यास सांगितले. 'एकमेकांचे' या शब्दाला येथे महत्त्व आहे. हे काम कोणा एका पुरोहितावर सोपविलेले नाही. करिंथ येथील मंडळीला लिहिताना तो आणखी एक पाऊल पुढे जातो. आपल्या संकटात देवाने आपले सांत्वन केले, ते आपल्याला इतरांचे सांत्वन करता यावे म्हणून, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे धीर ही साठवून ठेवण्याची ठेव नाही. ती पुढे चालविण्याची परंपरा आहे.

५. मराठी अनुभव

५.१ वसईचा समाज. १७३९ च्या आरंभी तारापूर आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई मराठ्यांच्या ताब्यात आली. पोर्तुगीज सत्तेबरोबर बहुतेक परदेशी पाद्रीही गेले. मागे राहिलेला ख्रिस्ती समाज स्थानिक शेतकरी, बागायतदार व मच्छीमार यांचा होता. राजाश्रय संपला, तरी स्थानिक धर्मगुरू, कुटुंबे आणि वाड्यांतील सामूहिक प्रार्थना यांच्या बळावर तो टिकून राहिला. वाडीतील क्रुसापाशी सायंकाळी शेजाऱ्यांनी जमून प्रार्थना करणे ही या भागातली परिचित प्रथा आहे. मुंबई व साष्टीच्या गावठाणांत १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही पाहावयास मिळतात. साथीमुळे माणसे एकमेकांपासून दूर जात होती, त्या दिवसांत उघड्यावर, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर प्रार्थनेला उभे राहणे हाच एक आधार होता.

५.२ पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळात मरण पावली. १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'माझी साक्ष' या आत्मकथनात त्यांनी आपल्या आध्यात्मिक प्रवासाचा वृत्तांत दिला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया यांना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांची सोय करणे अवघड झाले, तेव्हा दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांना आसरा देण्यात आला. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले.

भूक म्हणजे काय हे रमाबाईंना स्वतःच्या तारुण्यातल्या भटकंतीतून ठाऊक होते. म्हणूनच दुष्काळाच्या छावणीतली मुलगी त्यांना परकी वाटली नाही. याहून लक्षणीय घटना १९०० सालची. गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तिसदनातील कार्यकर्त्या स्त्रिया तेथील निराधार मुलींना आणावयास गेल्या. ज्यांना काही काळापूर्वी कोणी उचलून आणले होते, अशा स्त्रियांच्या घरात आता इतरांना जागा मिळू लागली. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील विचार येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेला दिसतो. मुक्तिसदनात छापखाना होता व आश्रमातील स्त्रिया तेथे काम करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे अशी भाषा त्यांना हवी होती. वाचता येणे हाही धीराचाच एक प्रकार आहे, हे त्यांनी ओळखले होते.

५.३ लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६). नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. पुढील काही वर्षे पतिपत्नींना वेगळे राहावे लागले. या काळात लक्ष्मीबाईंना ज्यांनी सांभाळले ते त्यांचे हिंदू नातेवाईक होते, ही गोष्ट आपण लक्षात घेतली पाहिजे. पुढे त्या टिळकांकडे आल्या, पण सोवळेओवळे सांभाळून. विचारांती, स्वतःच्या निर्णयाने, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना टिळक दांपत्याने आपल्या घरात वाढविले.

'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. या ग्रंथात उपदेश जवळजवळ नाही. दुःखाचे प्रसंग सांगतानाही लक्ष्मीबाईंचा विनोद सुटत नाही, आणि तो विनोद बहुधा स्वतःवरच असतो. आपण खचलो होतो, घाबरलो होतो, हटवादी होतो, हे त्या मोकळेपणाने सांगतात. त्यामुळे वाचकाला आपल्या दुबळेपणाची लाज वाटत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. पहिले काही अध्याय तेवढे लिहून झाले होते. ज्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी उरलेल्या बहुतांश अध्यायांची रचना केली. पतीने लावलेले अक्षरांचे वेड पत्नीने त्याच्या पश्चात पुढे नेले. येथेही मिळालेला आधार पुढे चालविला गेला आहे.

५.४ फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४). वसई तालुक्यातील नंदाखाल येथे जन्मलेल्या दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' या मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले आणि 'सुबोध बायबल' लिहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईतील जमिनी व पाणी यांच्यावर संकट आले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत ते अग्रभागी होते. या चळवळीत सर्व धर्मांचे लोक सहभागी होते. दहशतीच्या वातावरणात एकटा माणूस बोलू शकत नाही. शेकडो माणसे एकत्र आली की त्यातील प्रत्येकाला बळ येते. म्हणजे धीर देण्याला खाजगी बाजूप्रमाणे सार्वजनिक बाजूही असते. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

६. आजचा संदर्भ आणि मर्यादा

वरील विवेचन बोईसर-तारापूरच्या आजच्या जीवनाला लावून पाहू. कारखान्यातील अपघातात एका घरातील कर्ता पुरुष गेला, अशी कल्पना करा. भेटायला येणारे 'देवाची इच्छा' असे म्हणतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ईयोबाच्या मित्रांप्रमाणे तोही एक स्पष्टीकरण देत असतो. सुरक्षिततेच्या उपायांत हयगय झाली असेल, तर तिचा दोष देवाच्या माथी मारणे हे ख्रिस्ती विचारात बसत नाही. शिवाय अशा बोलण्याने त्या विधवेची तक्रारही बंद होते. स्तोत्रसंहितेत तर देवाजवळ उघड गाऱ्हाणे मांडणारी स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. रडण्यास आणि तक्रारीस तेथे प्रार्थनेचा दर्जा आहे.

याकोबाच्या पत्रात एक रोखठोक उदाहरण येते. उघड्या व उपाशी माणसाला, सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा, असे सांगितले आणि प्रत्यक्षात काहीच दिले नाही, तर त्या सदिच्छेचा काय उपयोग, असे पत्रलेखक विचारतो. तारापूरच्या संदर्भात याचा अर्थ असा : भरपाईचा अर्ज लिहून देणे, कामगार विमा कार्यालयात सोबत जाणे, पहिल्या महिन्याचे वाणसामान भरणे, रात्रपाळीला जाणाऱ्या आईचे मूल सांभाळणे, ही सर्व सांत्वनाची रूपे आहेत. गावाकडची भावकी दूर असलेल्या चाळीत शेजारी हाच पहिला नातेवाईक असतो. पहिल्या आठ दिवसांत गर्दी होते. घर खरे रिकामे होते ते महिन्याभराने. त्या वेळी पुन्हा येणारा माणूस अधिक मोलाचा असतो.

या विचाराला मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा अशी की, दुःखी माणसाच्या असहायतेचा उपयोग आपल्या मताच्या प्रचारासाठी करणे हे सांत्वन नव्हे; तो विश्वासघात होय. मदत विनाअट असावी लागते. बर्णबाने ग्वाही देताना मोबदला मागितला नव्हता. दुसरी मर्यादा अशी की, मित्राचा धीर हा उपचाराला पर्याय नाही. झोप उडणे, जेवण तुटणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसत असतील तर वैद्यकीय मदत घेतली पाहिजे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते. तो क्रमांक लावून देणे आणि बोलणे संपेपर्यंत शेजारी बसणे, हेही धीर देणेच आहे. तिसरी मर्यादा धीर देणाऱ्याची स्वतःची. तोही थकतो. म्हणूनच पौलाचा 'एकमेकांचे' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. आज देणारा उद्या घेणारा असू शकतो, आणि त्यात कमीपणा नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. वारकरी परंपरेतही वाट एकट्याने चालायची नसते. दिंडीत सोबत असते. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या वाटेने, अशी टिळकांची भावना होती. दोन परंपरांची ईश्वरविषयक भूमिका वेगळी असली, तरी दुःखात सोबतीचे मोल दोहोंनी जाणले आहे.

७. सारांश

ख्रिस्ती विचारात धीर देणे म्हणजे दुःखी माणसाच्या बाजूला जाऊन उभे राहणे. 'पाराक्लेसिस' आणि 'कैवारी' या शब्दांतून हा अर्थ सूचित होतो. बर्णबाची कथा विश्वास टाकण्याचे, ईयोबाची कथा मौनाचे आणि गेथशेमानेचा प्रसंग आधार मागण्याचे महत्त्व सांगतो. पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात, मिळालेला धीर पुढे दिला जातो हे तत्त्व दिसते. दिब्रिटो यांच्या कार्यात त्याला सार्वजनिक रूप येते. कृतीवाचूनचे सांत्वन अपुरे असते, दुःखाचे स्पष्टीकरण देण्याची घाई घातक असते आणि मदत विनाअट असावी लागते.

८. स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची प्रत्येकी पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
१. 'सांत्वन' आणि 'कैवार' या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. ईयोबाच्या मित्रांचे वर्तन कोठवर योग्य होते व कोठून बिघडले?
३. १९०० सालच्या गुजरातमधील दुष्काळाच्या वेळी मुक्तिसदनाने केलेल्या कार्याचे वेगळेपण सांगा.

आ) सविस्तर उत्तर लिहा.
'स्मृतिचित्रे'मधील विनोद आणि आत्मपरीक्षण वाचकाला धीर कसा देतात, ते ग्रंथातील आपल्या आवडीच्या दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.

इ) उपक्रम
आपल्या गावात, पाड्यात किंवा वसाहतीत दुःखाच्या प्रसंगी माणसे परस्परांशी बोलताना कोणती वाक्ये वापरतात, त्यांची नोंद करा. त्यांपैकी कोणती वाक्ये ऐकणाऱ्याला आधार देतात आणि कोणती त्याला गप्प करतात, याचे वर्गीकरण करा. नोंद करताना कोणाचेही नाव लिहू नका. हे काम करीत असताना एखाद्या घरी आपल्या मदतीची गरज आहे असे आढळल्यास वही बाजूला ठेवा आणि आधी ती मदत करा.